पाणी बेतानं, माती मुरमाची

परभणीत झाडं उन्हानं मरतात, असा आपल्या सगळ्यांचा पक्का समज आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात जातो, गच्चीचा स्लॅब रात्री दहा वाजतासुद्धा पायाला चटका देतो, तेव्हा हा समज चुकीचा आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण जाड पानांत पाणी साठवून ठेवणाऱ्या झुडपांचा हिशेब निराळा आहे. ती परभणीत मरतात आषाढ-श्रावणात. आठ-आठ दिवस झड लागते, ऊन दिसत नाही, कुंडीतली काळी माती ओलीगच्च राहते आणि एके दिवशी सहज फांदीला हात लावला तर ती बुडातून निघून हातात येते. खोड तपकिरी, मऊ. दाबलं तर पाणी सुटतं. "आमचं जेड जळून गेलं हो, पाणी तर रोज टाकायलो होतो," असं सांगणाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन पाहावं, तर बहुतेक ठिकाणी काही जळालेलं नसतं. कुजलेलं असतं. आणि ते का कुजलं, हे तक्रारीच्या उत्तरार्धातच सांगून झालेलं असतं.

जेडचं हे झुडूप आपल्याकडे घराघरांत शिरलं ते अलीकडेच. गृहप्रवेशाला, सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाला, दिवाळीच्या भेटीला शाल-श्रीफळाच्या जोडीनं एक छोटीशी पांढरी कुंडी यायला लागली. तिच्यात लालसर काड्यांची, बोटाच्या पेराहून लहान, गोल, चकचकीत पानांची डहाळी. 'जेड आहे, घरात लक्ष्मी येते,' एवढंच देणारा सांगतो. लक्ष्मीचं ज्याचं त्यानं पाहावं. झाडापुरतं बोलायचं, तर पहिली अडचण अशी की ते जेड नसतंच.

खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. त्याचं पान मोठं, जाड, थोडं चपटं, उन्हात कडेला लाल रेघ उमटणारं. खोड गुबगुबीत, हिरवट-करडं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याच्या गरम रात्री त्याला फारशा मानवत नाहीत. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत जेड म्हणून हातात पडतं ते बहुधा पोर्तुलाकारिया आफ्रा. पान लहान, काडी बारीक आणि लालसर, वाढ झपाट्याची. दोघंही दक्षिण आफ्रिकेचे, पण घराणी वेगळी. खरं जेड आपल्या पानफुटीच्या कुळातलं. आणि हे दुसरं पूर्वी घोळाच्या भाजीच्या कुळात धरलं जाई. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला शेजारच्या कुळात हलवलं आहे. पान चावून पाहिलं तर घोळाशी असलेलं नातं जिभेला लगेच पटतं. आंबट लागतं. खाल्लं तरी चालतं. दक्षिण आफ्रिकेत सॅलडमध्ये घालतात.

हा भेद सांगायचं कारण नुसती नावाची चिकित्सा नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून लोक जेडची पानं तोडतात, ती मातीवर पसरतात आणि रोपं उगवायची वाट पाहत बसतात. खऱ्या जेडच्या पानाला बुडाशी आधी मुळं आणि मग इवलं रोप फुटतं, हे खरं. पण पोर्तुलाकारियाच्या सुट्या पानाला कधीमधी मुळं आली, तरी वर कोंब सहसा फुटत नाही. पान महिनाभर जिवंत राहतं, आशा लावतं आणि सुकतं. याला फांदीच लागते.

परभणीत ही रोपं येतात कुठून? वसमत रोडवर, जिंतूर रोडवर रोपवाल्यांच्या हिरव्या जाळीखाली उभं राहून चौकशी केली की पुण्याकडच्या उरुळी कांचनचं नाव निघतं आणि आंध्रातल्या कडियमचं निघतं. हे कडियम राजमहेंद्रीजवळ आहे आणि देशभरात शोभेच्या रोपांचे ट्रक भरून पाठवणारं मोठं केंद्र आहे. गंमत अशी की तेही गोदावरीकाठचंच. आपल्या गंगाखेडवरून जे पाणी पुढं जातं, तेच तिथं पोचतं. फरक हवेचा. तिथली हवा दमट, समुद्र जवळ. तिथं वाढलेलं रोप लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यासकट येतं. परभणीच्या कोरड्या वाऱ्यात तो गोळा बाहेरून विटेसारखा आवळतो आणि आत मात्र ओलाच राहतो. घरी आणलेलं रोप त्या गोळ्यासकट नव्या कुंडीत ठेवलं, की निम्मी वाट लागलीच म्हणून समजा. गोळा हलक्या हातानं फोडून, मुळांभोवतीची चिकण शक्य तितकी झाडून टाकून मगच लावावं. रोपवाल्याला विचारलं, "दादा, पाणी किती?" तर उत्तर येतं, "रोज एक तांब्या टाका, ताई." त्याच्या जाळीखाली, उतरत्या फळीवर ठेवलेल्या छोट्या पिशवीला ते चालतंही. आपल्या बाल्कनीत, खाली ताटली ठेवलेल्या चिनी मातीच्या कुंडीत चालत नाही.

या झुडपाचं मूळ गाव पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात त्याची दाट झाडी आहे. तिकडं त्याला स्पेकबूम म्हणतात. तिथं ते माणसाच्या दीड-दोनपट उंच वाढतं आणि त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे हत्ती. त्या भागातले हत्ती शिकारीनं इतके संपले होते की १९३१ साली अ‍ॅडो इथं अभयारण्य केलं तेव्हा अवघे ११ उरले होते. आज तिथं सहाशेहून जास्त आहेत आणि स्पेकबूमवर पोसले जातात. हत्ती हे झुडूप वरून खातो. सोंडेनं शेंडा ओढतो, फांद्या मोडतो, काही तोंडात जातात, बऱ्याचशा खाली पडतात. पडलेली फांदी जमिनीला टेकते तिथं मुळं धरते. झुडपाच्या बुडाभोवती जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांचा जो घेर असतो, त्याला हत्ती धक्का लावत नाही. म्हणजे त्याचं एक जेवण झालं की मागं चार नवी झाडं लागतात.

शेळीचं उलटं. १८३८ साली तुर्कस्तानातून अंगोरा शेळ्या त्या भागात आल्या, त्यांच्या लोकरीचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्या शेळ्यांनी स्पेकबूमची झाडी पोखरून काढली. शेळी खालून खाते. मुळं धरणारा तोच घेर आधी फस्त करते. वर छत्रीसारखा शेंडा उरतो, खाली उघडी जमीन तापते, आणि काही वर्षांत झाड बसतं. आज तिथलं सरकार उजाड झालेल्या त्या जमिनीवर स्पेकबूमच्या तोडलेल्या फांद्या रोवून झाडी परत आणायचा प्रयत्न करतं आहे. रोपवाटिका नाही, ठिबक नाही. फांदी तोडायची आणि जमिनीत खोचायची. सगळ्या जगत नाहीत. पण पद्धत तीच, हत्तीची.

हे सगळं परभणीला लागू पडतं ते असं. आपला मुलूख उस्मानाबादी शेळीचा. गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेला कुणी हौसेनं जेडचं कुंपण केलं तर पहिली शेळी फिरकेपर्यंतच ते टिकेल. समाजमाध्यमांवर 'स्पेकबूम अ‍ॅमेझॉनच्या जंगलापेक्षा जास्त कार्बन शोषतो' असे संदेश फिरतात आणि मग माळरानावर जेड लावू या, असा उत्साह एखाद्या शाळेत किंवा मंडळात उसळतो. संदेश अतिरंजित आहेत हे एक; आणि जिंतूरच्या मुरमाड टेकड्यांवर चरणारी जनावरं आहेत, हे दुसरं. तिथल्या धुऱ्यांवर जी झाडं शतकानुशतकं तगली ती शेळीनं तोंड न लावलेली. शेर, त्रिधारी निवडुंग. पांढरा चीक हेच त्यांचं कुंपण. तो चीक डोळ्यात गेला तर माणसाला दवाखाना गाठावा लागतो, शेर तोडताना डोळे सांभाळा असं घरातली मोठी माणसं सांगतात ते उगाच नाही.

आणि हा शेर तरी कुठं इथला आहे? तोही आफ्रिकेचाच. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं केरळात बसून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात शेराची नोंद आहे. म्हणजे त्याच्या आधीच तो इथं येऊन रुजला होता. पानफुटी मादागास्करची. फड्या निवडुंग अमेरिकेचा. फड्याचा इतिहास तर मोठा मासलेवाईक. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंगासाठी कोशिनील किडे हवे होते. ब्राझीलहून किडे आले ते भलत्याच जातीचे. रंग काही हाती लागला नाही, पण त्या किड्यांनी एका जातीच्या फड्याचा मात्र फडशा पाडला. पुढं दुसऱ्या जातीच्या फड्यानं दक्षिणेत शेतं व्यापली, तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्या जातीवर जगणारा किडा मुद्दाम आणून सोडला आणि पाच-सहा वर्षांत मोठं रान मोकळं झालं. झाडं यायची, रुजायची, कधी डोक्यावर बसायची, हे जुनंच आहे. जेड या रांगेत सगळ्यात मागून आलेलं. सगळे आले मात्र एकाच वाटेनं: मोडलेली फांदी, तुटलेलं पान, कुणीतरी खिशात किंवा बोचक्यात घालून आणलेलं.

पानफुटीवरून आठवलं. या झाडांच्या पोटात काय चालतं याचा एक फार जुना धागा हिंदुस्थानातच सापडला आहे आणि तो सापडला जिभेनं. बेंजामिन हाइन हा जर्मन निसर्गअभ्यासक कंपनीच्या मद्रास इलाख्यात नोकरीला होता. बागेतल्या पानफुटीचं पान त्यानं सकाळी चाखलं तर ते झणझणीत आंबट. दुपारी त्याच झाडाचं पान चाखलं तर बेचव. संध्याकाळी किंचित कडवट. त्यानं हे १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीकडे पत्रानं कळवलं आणि दोन वर्षांनी ते छापून आलं. त्यामागचं कारण उलगडायला पुढं शंभराहून अधिक वर्षं गेली. सामान्य झाड दिवसा पानांची रंध्रं उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्याच वेळी पाणीही गमावतं. वाळवंटी झाडाला तो व्यवहार परवडत नाही. ते रंध्रं उघडतं रात्री, गारव्यात. घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतं. म्हणून पहाटे पान आंबट. दिवसा रंध्रं घट्ट बंद करून ते आम्ल मोडतं आणि सूर्यप्रकाशात साखर करतं. म्हणून दुपारी बेचव. पानफुटी आणि खरं जेड ज्या कुळातले त्या क्रॅसुलेसी कुळाचंच नाव शास्त्रज्ञांनी या रीतीला दिलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'कॅम' म्हणतात.

आपलं गच्चीवरचं तथाकथित जेड याहून धूर्त आहे. मुबलक पाणी असेल तेव्हा ते साध्या झाडासारखं दिवसा श्वास घेतं आणि भरभर वाढतं. पाणी तुटलं की रात्रपाळीला जातं. हे घरी तपासता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका कुंडीचं पाणी दोन-तीन आठवडे तोडावं. मग सकाळी उजाडताच एक पान चावावं आणि त्याच फांदीचं एक पान दुपारी चारला चावावं. सकाळच्या पानाला चिंचेच्या कोवळ्या पाल्याची आठवण करून देणारी धार येते. दुपारचं पान नुसतं पाणचट. मुलांना शाळेत वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. फक्त आधी झाडाची ओळख पक्की करून घ्यावी. गुलाबी फुलांचं, फुगीर बुडाचं अडेनियम अनेक गच्च्यांवर शेजारीच असतं. ते कण्हेरीच्या कुळातलं, विषारी. आफ्रिकेत त्याचा रस बाणांना लावत. त्याचं पान तोंडात घालायचं नाही.

या रात्रपाळीवरूनच विक्रेत्यांनी एक थाप रचली आहे: 'हे झाड रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा.' नाही देत. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं, एवढं खरं. ऑक्सिजन सुटतो तो पाण्याचा रेणू फुटताना आणि त्यासाठी उजेड लागतो. बेडरूमच्या अंधारात ठेवलेलं जेड ऑक्सिजन तर देत नाहीच. शिवाय उजेडासाठी मान लांब करून, पेरं वाढवून, पानं गाळून बसतं. त्याची जागा पूर्वेच्या खिडकीत किंवा गच्चीवर.

आता मातीकडे येऊ, कारण परभणीत सगळं गाडं तिथंच अडतं.

आपली काळी माती ही कपाशीची, ज्वारीची, सोयाबीनची माती. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी आणि 'परभणी क्रांती' ही भेंडी ज्या विद्यापीठानं दिली, ते १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ याच मातीवर उभं आहे. तिच्यात चिकणमातीचा अंश मोठा आणि ती चिकणही फुगणाऱ्या जातीची. पाणी पिते तशी फुगते, हवेच्या वाटा बंद करते. वाळते तशी आवळते आणि पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात हे गुण आहेत. दोन पावसांत खंड पडला तरी खोलवरची ओल पीक धरून ठेवते, हस्ताच्या पावसावर रब्बी निघते. पण शेतातसुद्धा पाऊस सलग झाला की हीच जमीन चिबडते, वाफसा येत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. म्हणून तर विद्यापीठातली मंडळी सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरा असं वर्षानुवर्षं सांगताहेत. जादा पाणी सरीतून निघून जावं आणि मुळांना हवा मिळावी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत उभी पिकं पाण्याखाली राहिली, तेव्हा काळ्या मातीची ती बाजू मराठवाड्यानं पुन्हा एकदा पाहिली. जी माती एकरभर रानात पाणी सोडत नाही, ती वीतभर कुंडीत काय सोडणार? वर वाळलेली दिसते. भेगही पडते. कुंडीच्या कडेनं ती आवळून सुटते आणि त्या फटीतून घातलेलं पाणी सरळ खाली ताटलीत उतरतं. आपण म्हणतो, निचरा छान आहे. मधला गोळा मात्र आपल्या जागी तसाच, आठ दिवसांपूर्वीच्या ओलीत.

उपाय परभणीत फुकट पडलेला आहे. मुरूम. घराच्या पायासाठी, रस्त्याच्या भरावासाठी ट्रॉलीनं येतो तोच, झिजलेल्या काळ्या दगडाचा. बांधकामावरून एक घमेलं आणायचा. आधी गहू चाळायच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळायचा, वरचे मोठे खडे टाकून द्यायचे. खाली पडलेला माल पुन्हा रवाळ चाळणीतून गाळायचा आणि या वेळी खाली पडलेली धूळ टाकून द्यायची. मधला जो ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा उरतो, तो आपला. एकदा धुऊन घ्यावा. मुरूम नसेल तर विटांचा चुरा याच मापानं चाळून. वाळूचं मात्र परभणीत काही खरं नाही. गोदावरीच्या आणि दुधनेच्या वाळूघाटांचं राजकारण रोज पेपरात येतं आणि हाताला लागते ती बहुधा बारीक, मातीमिश्रित. बारीक वाळूनं निचरा सुधारत नाही. चिकणमातीत ती मिसळली की उलट घट्ट थापी बसते. असा चाळलेला मुरूम दोन भाग, मऊ पोयट्याची किंवा लाल माती एक भाग, चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. पऱ्हाटीचा कोळसा असेल तर मूठभर कुटून घालावा. मूठ आवळून सोडली की मिश्रण सुटं व्हायला हवं. लाडू वळला तर आणखी मुरूम.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यायची आपल्याकडे रीत आहे. बागकामाच्या पुस्तकांतही ती छापलेली असते. तो थर काही कामाचा नाही. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही. ते वरच्याच मातीत, थराच्या सीमेवर तुंबून राहतं. म्हणजे मुळांना मिळणारी कोरडी जागा आणखी कमी. भोकावर एक खापरी आडवी टाकावी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, आणि जो खडा तळाला घालणार होतो तो सगळ्या मिश्रणात घालावा. कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. बोअरचं जड पाणी असेल तर तिच्यावर पांढरे क्षार फुटतात. घासून काढावेत आणि पहिल्या चार पावसांत कुंडी उघड्यावर ठेवून आतलेही वाहून जाऊ द्यावेत. काळी प्लास्टिकची कुंडी परभणीच्या उन्हाळ्यात मुळं शिजवते. तीच वापरायची असेल तर तिला दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवावं.

आणि आता फांदी. आपल्याकडची सर्वसाधारण तऱ्हा अशी की कुणाच्या तरी दारातून डहाळी मोडून आणायची, तेलाच्या डब्यात खोचायची, वर तांब्याभर पाणी ओतायचं आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून मोकळं व्हायचं. कधी कधी बनतेही. पण चुकतं ते घाईत. फांदी तोडली की टोकाला ओली जखम होते. तीच ओल्या मातीत गेली की बुरशीला उघडं दार. म्हणून तोडलेली फांदी आधी वाळवायची. वीतभर लांबीची, पेन्सिलीच्या जाडीची, लालसरपणा आलेली फांदी घ्यावी. शेंड्याची कोवळी हिरवी नको. धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या चाकूनं पेराच्या जरा खाली सरळ काप द्यावा. कात्रीनं चेंगरते. खालच्या दोन-तीन पेरांवरची पानं काढून टाकावीत. मग ती डहाळी सावलीत, वर्तमानपत्रावर, वारा लागेल अशी आडवी ठेवून द्यावी. परभणीच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. पावसाळी हवेत आठवडासुद्धा लागतो. कापलेलं तोंड आधी ओलसर हिरवं असतं, मग फिकट पडतं, किंचित आत ओढलं जातं आणि नखानं टकटक केलं तर कडक लागतं. पेशींनी तिथं बुचासारख्या पदार्थाचा पापुद्रा धरलेला असतो. पानं या काळात थोडी सुरकुततात. घाबरू नये. त्यांच्यातलं पाणीच तर फांदीला पोसतं आहे.

या पापुद्र्याच्या आतच मुळांची तयारी चालते. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक फांदीतून खाली खाली वाहतं आणि काप दिलेल्या टोकाशी, पुढं वाटच नसल्यामुळं, साचतं. तिथल्या पेशी त्याच्या सांगण्यावरून मुळं काढतात. त्यामुळं फांदीचा वरचा भाग वर आणि खालचा खालीच राहायला हवा; उलटी खोचली तर सहसा लागत नाही. चार-पाच फांद्या एकदम कापल्या तर उलटसुलट व्हायची शक्यता असते, म्हणून जाणते माळी खालचा काप सरळ आणि वरचा तिरपा देतात. बाजारातली मुळांची पावडर याला लागत नाही. कापावर हळद लावायची पद्धत घरोघरी आहे आणि ज्या जिल्ह्यात १९९९ पर्यंत वसमतची हळदही मोजली जायची, तिथं ती असणारच. लावली तर बिघडत नाही, पण वाळवण्याची जागा हळद घेत नाही.

वाळलेली फांदी जेमतेम ओलसर मिश्रणात दोन पेरं आत जाईल इतकी खोचावी. पाणी नाही. हे ऐकायला सोपं आणि पाळायला कठीण. आठवडाभर काहीही घालायचं नाही, फक्त सावलीतल्या उजेडात ठेवायचं. मग कडेकडेनं थोडं. तीन ते पाच आठवड्यांत शेंड्याला नव्या पानांची टिचभर जोडी दिसते. फांदी हलकेच ओढली तर आतून कुणीतरी धरल्यासारखी वाटते. मग ऊन वाढवावं. ग्लासभर पाण्यात ठेवूनही या फांदीला मुळं फुटतात आणि ती दिसतात म्हणून मुलांना आवडतं. पण पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात आणि मातीत गेल्यावर झाडाला बरेचदा नव्यानं सुरुवात करावी लागते.

वर्षभराचं पाणी सांगायचं तर वेळापत्रकावर जाऊ नये. पानाकडे पाहावं. पान ताठ, चकचकीत असेल तर तांब्या खाली ठेवावा. पान जरा मऊ पडलं, बारीक सुरकुती दिसली की भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी द्यावं आणि मग पुन्हा विसरावं. नळाला रोज पाणी न येण्याची सवय ज्या शहराला आहे, त्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. मे महिन्यात दुपारचं ऊन अडवायला हिरवी जाळी, कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर आणि पाणी संध्याकाळी. त्या महिन्यात झाड वाढत नाही, नुसतं टिकून राहतं. रात्रीही हवा तापलेली असली की रात्रपाळीची रंध्रं उघडणं महाग पडतं. वाढत नाही म्हणून खत घालणारे त्याला आणखी गोत्यात आणतात. पावसाळ्यात कुंडी छज्ज्याखाली. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा माती कोरडी असेल तर या झाडाला काही होत नाही. ओल्या मातीत मात्र तीच थंडी त्याला भोवते.

कीड एकच त्रास देते आणि तिची ओळख कपाशीवाल्यांना करून द्यायला नको. पिठ्या ढेकूण. २००६-०७ च्या आगेमागे हा कपाशीवर असा आला होता की शेतं पांढरी दिसत. जेडवर तो पानांच्या बगलेत कापसाच्या कणासारखा बसतो. दोन-चार असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपावेत. जास्त असतील तर शेतात वापरतो तोच पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. पाणी बेताचं आणि पान तरीही सुकतं आहे असं दिसलं तर झाड उपटून मुळं पाहावीत. पिठ्या ढेकणाचा एक भाऊबंद मातीत राहून मुळांवर जगतो. मग मुळं धुवायची, वाळवायची आणि नव्या मातीत लावायची.

बुड कुजलेलं सापडलं तरी झाड गेलं असं समजू नये. वर जिथं खोड टणक आहे तिथं आडवा काप द्यावा. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर, स्वच्छ हिरवं-पांढरं लागेपर्यंत. उरलेला शेंडा म्हणजे नवी फांदी. ती आठवडाभर वाळवायची.

कार्तिकात परतीचा पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी झालेली असते आणि कडाक्याची थंडी पडायला अजून महिनाभर असतो. फांद्या कापायला परभणीत यासारखा काळ दुसरा नाही. कार्तिकात कापलेली फांदी थंडी वाढण्याआधी मूळ धरते. तेवढा मुहूर्त हुकला तर महाशिवरात्रीपर्यंत थांबावं, कारण पौष-माघात ती नुसतीच पडून राहते. आणि नर्सरीत जाण्याआधी शेजाऱ्याच्या गच्चीवर एक नजर टाकावी. तिथलं जेड कठड्याबाहेर लोंबायला लागलेलं असेल, तर ते छाटल्याबद्दल तो तुमचे आभारच मानेल.